आज ड्युटी नाही

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या त्या मोठ्या गोदामात सकाळची शिफ्ट सुरू झाली की ऋतिकाचा आवाज यायचा. "राम राम. चला, हात चालवा." माल उचलणाऱ्या प्रत्येकाच्या कानात हेडफोन, कंबरेला फोन, आणि फोनमधलं ॲप ऋतिकाच्या आवाजात सांगायचं की कुठल्या रांगेत जायचं, कुठला खोका उचलायचा. नव्यानं लागलेल्यांना ही ऋतिका कोण ते माहीत नव्हतं. जुन्यांना माहीत होतं, आणि गेल्या पावसाळ्यात ती लेप्टोच्या तापानं गेली हेही माहीत होतं.

ते ॲप मेघालीनं लिहिलं होतं. गोदामाच्या वरच्या मजल्यावर कंपनीचं छोटं ऑफिस होतं, तिथं ती बसायची. ती जवळच्या शेलार गावची, ऋतिका आतल्या दिघाशी गावची. भिवंडीच्या कॉलेजात दोघी एका बाकावर होत्या. पुढं मेघाली कॉम्प्युटरकडं गेली आणि ऋतिकानं बारावीनंतर गोदामाची नोकरी धरली. योगायोगानं दोघी एकाच छताखाली आल्या.

ॲपला आधी मशीनचा आवाज होता. तो इतकं पुस्तकी मराठी बोलायचा की माणसं काम सोडून हसत बसायची. ऋतिका त्याची हुबेहूब नक्कल करायची. एक दिवस मेघाली तिला म्हणाली, "नक्कल पुरे. तूच बोल ना." गोदामात एका कोपऱ्यात गाद्यांच्या थप्प्या छतापर्यंत लावलेल्या होत्या, तिथं बाहेरचा आवाज पोचत नसे. दोघी त्या थप्प्यांच्या मधे शिरल्या आणि मेघालीनं मोबाइलवर तिचा आवाज भरून घेतला. रांगांचे आकडे, "डावीकडं वळा", "चुकलं, परत बघा", "शाब्बास". सुट्टीच्या दिवशी कुणी चुकून ॲप उघडलं तर त्यासाठीही एक वाक्य होतं: "राम राम. आज तुमची ड्युटी नाही. आराम करा." ते बोलताना ऋतिकाला इतकं हसू यायचं की ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. शेवटी जे ठेवलं त्यातही "आराम" शब्दाच्या मागं हसू दाबलेलं कळायचं.

ऋतिका गेली तेव्हा मेघाली बाराव्याला दिघाशीला जाऊन आली. नंतर गेली नाही. तिच्या आईसमोर बसायचं आणि बोलायचं काय, हे तिला कधी सुचलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता भातं कापून झाली, थंडी पडली.

थंडीतच गोदामात नवी कटकट सुरू झाली. काम करता करता माणसं ॲपच्या बाहेर फेकली जायला लागली. रघू नावाचा जुना कामगार थेट वर ऑफिसात आला.

"मॅडम, मी काय चोरी केली का? हातात खोका हाय, आन् फोन बोलतो परत लॉगिन करा."

"बघते, रघूदादा."

"दिवसातून कितीदा करायचं? तिकडं सुपरवायझर बोलतो, टाइमपास करतो."

दोष टोकनांमध्ये होता. माणूस ॲपमध्ये शिरला की सर्व्हर त्याला दोन टोकनं देतो. मेघाली नव्या पोरांना ते गेटपासच्या भाषेत सांगायची. एक छोटा पास, थोडाच वेळ चालणारा, प्रत्येक कामाला दाखवायचा. दुसरा मोठा, तो जपून ठेवायचा. छोटा संपला की मोठा दाखवून नवा घ्यायचा. त्या वेळी मोठाही बदलून मिळतो आणि जुना रद्द होतो. रद्द झालेला पास कुणी पुन्हा दाखवला, तर तो चोरलेला असणार असं समजून सर्व्हर त्या माणसाचं सगळं सेशनच बंद करतो.

झालं होतं असं की एक खोका स्कॅन केला की ॲप सर्व्हरकडं एकदम तीन-चार गोष्टी मागायचं. नेमका त्याच वेळी छोटा पास संपलेला असला, तर त्या सगळ्या मागण्या एकच मोठा पास घेऊन धावत सुटायच्या. पहिलीला नवा मिळायचा आणि मागून येणारी चोर ठरायची. रघूनं खरंच काही केलं नव्हतं. मेघालीनं कोड बदलला: एकीनंच पुढं जायचं, बाकीच्यांनी दारात थांबायचं, आणि तिनं आणलेला नवा पास सगळ्यांनी वापरायचा.

बदल नीट चालतो का ते बघायला ती सर्व्हरच्या नोंदी वाचत होती. कुणाचा पास कधी बदलला, एकाखाली एक. वाचता वाचता तिचा हात थांबला. एक एम्प्लॉयी नंबर तिला पाठ होता. ॲप पहिल्यांदा ऋतिकाच्या फोनवर घातलं होतं, आणि हा तिचा नंबर होता.

तिचं सेशन चालू होतं. रोज सकाळी, शिफ्टच्या आधी, एकदाच पास बदललेला. त्यानंतर दिवसभर काही नाही.

मेघालीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं दीपेशला बोलावलं. दीपेश तिचा वरिष्ठ, कल्याणचा, शांत डोक्याचा माणूस.

"फोन चोरीला गेला असेल," तो म्हणाला. "पण गेलेल्या माणसाचं सेशन चालू राहिलंच कसं?"

मेघालीला कारण दिसलं होतं. माणूस नोकरीतून कमी झाला की त्याला नव्यानं लॉगिन करता येत नव्हतं. पण जो आधीच आत होता, त्याला पास बदलून देताना हा अजून नोकरीत आहे का, असं सर्व्हर विचारतच नव्हता. आणि दर बदलीला पासाची मुदत पुढं सरकायची. महिनाभर कुणी ॲप उघडलं नसतं तर सेशन आपोआप मेलं असतं. कुणीतरी ते रोज उघडत होतं, म्हणून जिवंत होतं.

"म्हणजे सोडून गेलेला कुणीही अजून बघू शकतो, कुठल्या गाडीत काय माल भरलाय?" दीपेशचा चेहरा बदलला. "मेघाली, हे आधी बंद कर. आणि तो फोन कुणाकडं आहे तेवढं बघ."

रविवारी ती स्कूटी काढून दिघाशीला गेली. ऋतिकाचे वडील महादूकाका अंगणात कुंपणासाठी काट्या तोडत होते. ऋतिकाची आई कमळकाकी दारात आली.

"ये गं. आज रस्ता गावला का तुला?"

मेघालीनं खाली बघत चपला काढल्या. काकीनंच तिला आत नेलं, पाणी दिलं, चहा टाकला. घरच्यांची, नोकरीची विचारपूस केली. ऋतिकाचं नाव दोघींनी काढलं नाही. शेवटी मेघालीनं चाचरत विचारलं, "काकी, तिचा फोन... कुठं आहे?"

काकीचा चेहरा ओढला गेला. "का? कंपनीनं मागितला का? तिच्या पैशाचा हाय तो."

"नाही काकी, तसं काही नाही. ते ॲप रोज उघडतंय कुणीतरी, म्हणून विचारलं."

काकी उठली. फोन मागच्या खिडकीत चार्जरला लावलेला होता. घरात तिथंच काय ती रेंज यायची. ऋतिकाचा नंबर कधीच बंद झाला होता, पण काकांच्या फोनवरून नेट कसं घ्यायचं ते काकीला शेजारच्या उन्नतीनं शिकवलं होतं. तिनं फोन पदरानं पुसला, ऋतिकानं ठेवलेला पॅटर्न काढून तो उघडला आणि बोट ॲपच्या चित्रावर टेकवलं.

पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. ते मेघालीनंच बनवलेलं. काकी श्वास धरून त्याच्याकडं बघत होती. अंगणातला कोयत्याचा आवाज थांबला.

"राम राम. आज तुमची ड्युटी नाही. आराम करा."

काकीनं फोन छातीशी धरला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. नुसती मान हलवली, समोरच्यानं काही सांगावं आणि आपण बरं म्हणावं तशी.

"रोज सकाळी इचारते," ती म्हणाली. "ती सांगते, आज ड्युटी न्हाय. मंग मला बरं वाटतं. दिसभर वाटतं, आज पोर घरीच हाय. कुठं मागच्या खोलीत झोपलीय."

"काकी..."

"मला खुळी समजू नको. मीच तिला न्हाऊ घातलं शेवटचं. मला सगळं ठावं हाय."

काका दारात येऊन उभे राहिले होते. "मी त्या टायमाला भाईर जातो," ते म्हणाले. "मला न्हाय ऐकवत." आणि ते परत अंगणात गेले.

मेघालीच्या मनात आलं ते तिनं लगेच बोलून दाखवलं. "काकी, मी तुम्हाला तिचा आवाज काढून देते. सगळा. गाण्यासारखा फोनमध्ये राहील. नेट नको, काही नको. पाहिजे तेव्हा लावा."

काकीनं फोन परत चार्जरला लावला. "न्हाय गं. तो कवा बी लावला तरी तेच बोलंल. त्यात काय? हे तसं न्हाय. हे आधी जातं, कुठंतरी इचारून येतं, मंग ती बोलते. थांबावं लागतं तिच्यासाठी."

मेघालीनं मनात पायऱ्या मोजल्या. सर्व्हरकडं विनंती जाते, सर्व्हर पास तपासतो, आजच्या शिफ्टच्या यादीत नाव शोधतो, सापडत नाही म्हणून कळवतो, मग ॲप तो आवाज वाजवतं. काकीनं सांगितलं त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. हे आता बंद होणार आहे, असं सांगायला ती आली होती. ते न सांगताच ती परतली.

सोमवारी तिनं काम हातात घेतलं. पास बदलून देण्याआधी सर्व्हरनं विचारायचं, हा माणूस नोकरीत आहे का. नसेल तर दार बंद. काम साधं होतं. ते संपवून तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली: हा एक नंबर सोडून. मग ती स्वतःच उठून दीपेशकडं गेली. मागून त्याला ती ओळ दिसावी आणि त्यानं विचारावं, हे तिला नको होतं. तिनं दिघाशीची सगळी हकिकत सांगितली. सांगताना ती खिडकीतून खाली ट्रककडं बघत होती.

दीपेशनं हातातलं पेन खाली ठेवलं. "त्या सेशनला फक्त शिफ्ट विचारता येईल असं कर. मालाचं काहीही दिसता कामा नये."

"केलंय तसं."

"मग राहू दे. कुणी विचारलं तर मी परवानगी दिली म्हणून सांग." मग कोडवरून नजर फिरवत त्यानं विचारलं, "एक सांग. सर्व्हरनं नवा पास दिला आणि तो फोनपर्यंत पोचायच्या आत नेट तुटलं तर? फोनकडं जुनाच राहील. तो पुन्हा दाखवला की माणूस चोर ठरेल."

"हो, तेवढी फट आहे. जुना पास थोडा वेळ चालू ठेवावा लागेल. पुढच्या खेपेला करते. गोदामात वायफाय पक्कं आहे, तिथं सहसा तुटत नाही."

"ठीक आहे," दीपेश म्हणाला.

नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर गेलं. माणसं बाहेर फेकली जायची थांबली. रघू जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, आता बरं चाललंय." मेघालीला खूप दिवसांनी हलकं वाटलं. आता ती रविवारी दिघाशीला जायला लागली. काकी तिला भाकरी खाऊ घालायची, ऋतिकाच्या लहानपणच्या खोड्या सांगायची. काका पण हळूहळू येऊन बसायला लागले. सकाळी नोंदींमध्ये तो नंबर दिसला की मेघालीला कळायचं, काकी उठली.

होळीच्या आसपासची गोष्ट. मेघाली नुकती ऑफिसात पोचली होती. फोन वाजला, महादूकाकांचा नंबर होता, पण बोलली काकी.

"मेघाली, काय तरी झालं गं. ती बोलत न्हाय."

"नेट नसेल काकी. थोड्या वेळानं बघा."

"कितीदा बघितलं. आता लिव्हलेलं आलंय." काकी चौथी शिकलेली होती. ती एकेक अक्षर लावून वाचायला लागली. "तुमचे... सत्र... संपले आहे. पुन्हा... लॉगिन करा."

ते वाक्य मेघालीनंच लिहिलेलं होतं.

तिनं नोंदी उघडल्या. सकाळी पास बदलायला आला, सर्व्हरनं नवा दिला. थोड्याच वेळानं तोच जुना पास पुन्हा आला. पुढं नेहमीची ओळ: चोरीचा संशय, सेशन बंद. दिघाशीत तेवढ्यात लाइट गेली असणार आणि लाइटबरोबर टॉवर. नवा पास वाटेतच राहिला. रेंज परत आल्यावर काकीनं पुन्हा बोट टेकवलं आणि फोननं आपल्याकडं होता तो पास दाखवला. मेघालीनं ज्यांच्यासाठी ॲप लिहिलं ती सगळी माणसं गोदामाच्या वायफायखाली होती. एकच बाई बाहेर होती.

ती दीपेशला सांगून तशीच निघाली. दिघाशीत पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. काकी खिडकीखाली जमिनीवर बसली होती, फोन समोर ठेवलेला.

"मी काय चुकीचं दाबलं का गं?" तिनं पहिल्यांदा तेच विचारलं. "लाइट गेली, चक्र फिरतच राहिलं. मंग मी परत दाबलं. दाबायला नको होतं का?"

"नाही काकी. तुमचं काही चुकलं नाही." मेघाली तिच्याजवळ खाली बसली. "माझं काम अर्धं राहिलं होतं. नेट मधेच गेलं तर काय करायचं, ते मी पुढं ढकललं होतं. त्यामुळं झालं."

काकीनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. जणू ती काय म्हणाली ते नीट ऐकू आलं नव्हतं. "सत्र म्हंजे काय?"

"म्हणजे... आत असणं. कंपनीच्या लेखी ती अजून आत होती."

"आन् आता?"

"आता नाही."

काका दारात उभे होते. या वेळी ते बाहेर गेले नाहीत. आत येऊन भिंतीला टेकून बसले.

"काकी, मी परत करून देते," मेघाली घाईनं म्हणाली. "लॉगिनचा कोड तिच्या नंबरवर येतो आणि तो बंद आहे, पण मी दीपेश सरांशी बोलते. तिच्या नावापुढं काकांचा नंबर घालू, खातं उघडू. कागदावर अडचण आहे, पण ते नाही म्हणणार नाहीत. पुन्हा होईल पहिल्यासारखं."

काकीनं फोन उचलला. काळ्या पडद्यावरून अंगठा फिरवला. बाहेर कुणाची तरी गाय हंबरली, थांबली.

"नको," ती म्हणाली.

"काकी, खरंच होईल."

"व्हईल गं. तू करशील. पन परत कवा तरी जाईल." तिचा आवाज अगदी खाली आला. "दवाखान्यात गेली तवा मी तिथंच होते, हात धरून. आज सकाळी परत गेली. आता तिसऱ्यांदा मला न्हाय सोसायचं. राहू दे तिला."

एवढं बोलून ती रडायला लागली. बाराव्याला मेघालीनं तिला रडताना पाहिलं होतं, पण तेव्हा भोवती बायका होत्या, रीत होती. हे वेगळं होतं. काकांनी हात पुढं केला, मधेच थांबले, मग तिच्या पाठीवर ठेवला. मेघाली तिथंच बसून राहिली. आपणही रडतोय हे तिला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ती जादा ओळ कोडमधून काढून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. आता त्या ओळीला काही काम उरलं नव्हतं. मग तिनं फटीचं काम घेतलं: जुना पास लगेच रद्द करायचा नाही, नवा फोनपर्यंत पोचल्याची खूण मिळेपर्यंत दोन्ही चालू द्यायचे. ऑफिसात ते सगळं बरोबर चाललं. पण आता तिचा ऑफिसच्या वायफायवर भरवसा राहिला नव्हता.

पुढच्या रविवारी ती आपला टेस्टिंगचा फोन घेऊन दिघाशीला गेली. काकी अंगणात वाळलेल्या वालाच्या शेंगा बडवत होती. मेघाली मागच्या खिडकीशी उभी राहिली. चक्र फिरायला लागलं की नेट बंद करायची, थांबायची, परत चालू करायची. पुन्हा पुन्हा. दर वेळी आत प्रवेश मिळत होता.

"काय करतेस गं मघापासून?" काकीनं बाहेरून विचारलं.

"नेट मधेच गेलं तरी माणूस बाहेर पडू नये, ते बघते."

"मंग? पडतो का?"

"नाही. आता नाही पडत."

काकी काठी बाजूला ठेवून शेंगांचा ढीग हातानं सारखा करत राहिली. "बरं झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं जायला नको." मग ती हात झटकून उठली आणि चहा टाकायला आत गेली.